एफएमआरआय शिकायचंय? आधी एका व्हॉक्सेलपाशी बसा

नेटचा निकाल लागला की पुढचे काही आठवडे मला साधारण एकाच धाटणीचे मेल येतात. "एमएस्सी झालंय, मेंदूवर संशोधन करायचंय, एफएमआरआय शिकायचं आहे. एसपीएम शिकू की एफएसएल? पायथन यायलाच हवं का?" प्रश्न रास्त आहेत, पण ते तिसऱ्या-चौथ्या महिन्यातले आहेत. पहिल्या महिन्यातला प्रश्न वेगळा असतो. पेपरमध्ये मेंदूच्या करड्या चित्रावर तो लाल-पिवळा ठिपका असतो ना, तो नक्की कशाचा आहे?

हे ज्याला स्वतःच्या शब्दांत सांगता येत नाही, त्याने कोणतंही सॉफ्टवेअर उघडलं तरी तो बटणंच दाबणार. आणि खरी अडचण अशी की बटणं दाबून ठिपका मिळतो. एफएमआरआयमध्ये काहीच न मिळणं अवघड असतं. तीन-चार वर्षं त्या ठिपक्यावर घालवून मग परीक्षकाने विचारलं, "हे दुसऱ्या कशामुळे आलं नाही कशावरून?" तर हातात काही असायला हवं. म्हणून हा लेख फक्त पहिल्या महिन्याबद्दल आहे. यासाठी स्कॅनर लागत नाही, गाइड लागत नाही, फेलोशिपही लागत नाही. एक बऱ्यापैकी लॅपटॉप आणि इंटरनेट पुरतं.

आपण मोजतो ते रक्त

एफएमआरआय न्यूरॉनचं काम थेट मोजत नाही. ते रक्तातला बदल मोजतं, तोही आडून. १९३६ साली लायनस पॉलिंग आणि चार्ल्स कोरिएल यांनी दाखवलं की ऑक्सिजन धरलेलं हिमोग्लोबिन आणि ऑक्सिजन सोडलेलं हिमोग्लोबिन चुंबकीय क्षेत्रात वेगवेगळं वागतं. ऑक्सिजन सोडलेलं हिमोग्लोबिन आपल्या आसपासचं चुंबकीय क्षेत्र किंचित बिघडवतं. पुढे १९९० मध्ये बेल लॅब्जमध्ये सेइजी ओगावा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उंदरांच्या मेंदूत दाखवून दिलं की हा बिघाड एमआरआयच्या प्रतिमेत दिसतो. या सिग्नलला त्यांनी 'बोल्ड' म्हटलं, म्हणजे रक्तातल्या ऑक्सिजनच्या पातळीवर अवलंबून असणारा. १९९२ मध्ये माणसांवरचे पहिले प्रयोग प्रसिद्ध झाले, एकाच वर्षी वेगवेगळ्या गटांचे. म्हणजे ज्या क्षेत्रात तुम्ही येताय ते जेमतेम तीन-साडेतीन दशकांचं आहे. पायाभूत वाद अजून चालू आहेत याचं आश्चर्य वाटून घेऊ नका.

इथे एक गोष्ट बहुतेकांना उलटी वाटते. मेंदूचा एखादा भाग कामाला लागला की तो ऑक्सिजन वापरणार, मग तिथे ऑक्सिजन सोडलेलं हिमोग्लोबिन वाढून सिग्नल कमी व्हायला हवा. होतं उलटं, सिग्नल वाढतो. का?

लग्नाची पंगत आठवा. मधल्या एखाद्याने "थोडी आमटी" म्हटलं की वाढपी वाटीभर आणत नाही. तो अख्खी बादली घेऊन येतो, थोडा उशिरा येतो, आणि मागितलं नव्हतं त्या शेजारच्यांच्या पानातही थोडी ओततो. मेंदूतल्या रक्तपुरवठ्याचं असंच आहे. गरजेपेक्षा बरंच जास्त ताजं रक्त त्या भागात येतं, त्यामुळे ऑक्सिजन सोडलेल्या हिमोग्लोबिनचं प्रमाण उलट कमी होतं, आणि सिग्नल वर जातो. आपण मोजतो ती बादली. जेवणाऱ्याची भूक आपण बादलीच्या हालचालीवरून ताडतो.

उपमा इथेच सोडतो, पण तिच्यातल्या तीन गोष्टी लक्षात राहू द्या. एक, उशीर. न्यूरॉनचं काम मिलिसेकंदांत चालतं, बोल्ड सिग्नलचा शेंडा मात्र पाच-सहा सेकंदांनी येतो, मग तो मूळ पातळीच्या थोडा खाली जातो आणि स्थिरावायला वीसेक सेकंद सहज घेतो. दोन, पसारा. सिग्नल जिथे दिसतो तिथेच सगळं काम झालं असं नाही, आसपासच्या शिरांचाही त्यात वाटा असतो. तीन, आकार. नेहमीच्या ३ टेस्लाच्या स्कॅनरमध्ये हा बदल साधारण एक ते तीन टक्क्यांचा असतो. श्वास, हृदयाचे ठोके, स्कॅनर तापत जाणं, डोकं जरासं हलणं, या सगळ्यांनी होणारे बदल तेवढेच किंवा त्याहून मोठे असू शकतात.

फुकटचा डेटा, एकच व्हॉक्सेल

आता प्रत्यक्ष काम. ओपनन्यूरो या संकेतस्थळावर जगभरच्या प्रयोगशाळांनी आपला डेटा खुला ठेवलाय. त्यातला डीएस०००१०२ हा संच घ्या. त्यात २६ निरोगी प्रौढांचा डेटा आहे. अँड्र्यू जान यांच्या 'अँडीज ब्रेन बुक' या मोफत ऑनलाइन पुस्तकात हाच संच घेऊन पायरीपायरीने शिकवलंय, त्यामुळे अडलात तर हात धरायला कुणीतरी आहे.

प्रयोग साधा आहे. पडद्यावर पाच बाण दिसतात, मधला बाण कुठल्या दिशेला आहे ते बटण दाबून सांगायचं. कधी पाचही बाण एकाच दिशेला असतात, हा सोपा प्रकार. कधी मधला एकीकडे आणि बाकीचे चार उलट दिशेला, हा अवघड. याला फ्लँकर टास्क म्हणतात. दर माणसाचे पाच-पाच मिनिटांचे दोन रन आहेत, दर रनमध्ये १२ सोप्या आणि १२ अवघड चाचण्या, दोन चाचण्यांमध्ये ८ ते १४ सेकंदांचं अंतर. दर दोन सेकंदांनी अख्ख्या मेंदूची एक प्रतिमा, अशा एका रनमध्ये १४६ प्रतिमा. प्रत्येक प्रतिमा छोट्या ठोकळ्यांची बनलेली आहे. हा ठोकळा म्हणजे व्हॉक्सेल, इथे तो ३ बाय ३ बाय ४ मिलिमीटरचा आहे. एवढ्याशा जागेत लाखो न्यूरॉन असतात. 'आम्ही न्यूरॉनचं काम पाहिलं' असं कुणी म्हटलं की हा आकडा आठवा.

आता सगळे विद्यार्थी करतात ते करू नका, म्हणजे लगेच विश्लेषण सुरू करू नका. एका माणसाचा एक रन उघडा. पायथनमधल्या निबाबेलने उघडा, नाहीतर एफएसएलआइज नावाच्या मोफत दर्शकात उघडा. डोक्याच्या मागच्या बाजूला, दृष्टीशी संबंधित भागातला एक व्हॉक्सेल निवडा. त्याचे १४६ आकडे काढा आणि आलेख बघा. मग मेंदूच्या पोकळीतला, जिथे फक्त द्रव असतो, असा एक व्हॉक्सेल घ्या. मग मेंदूच्या अगदी कडेचा एक. तिन्ही आलेख एकाखाली एक लावा, आणि ज्या सेकंदाला बाण दिसले तिथे पेन्सिलने रेघा मारा. हो, कागदावर छापून.

पहिल्या आलेखात, नशीब बरं असेल तर, रेघांनंतर काही सेकंदांनी छोटे उंचवटे आहेतसं वाटेल. कदाचित वाटणारही नाही, इतका तो बदल बारीक असतो. द्रवाच्या आलेखात काम काहीच नाही, तरी रेघ वळवळते. कडेच्या आलेखात एखाद्या ठिकाणी अचानक पायरी दिसेल. तिथे माणसाने डोकं हलवलं, आणि जो ठोकळा आधी मेंदूत होता तो अर्धवट बाहेर गेला. हे तीन आलेख तासभर बघितल्यावर 'मेंदूतला अमुक भाग पेटतो' ही भाषा आपोआप तोंडातून जाते. पेटत काही नसतं. एक थरथरती रेघ असते आणि तिच्यात आपण आपल्या घटनांचा माग शोधत असतो.

डोकं हलण्याबद्दल थोडं जास्त बोलायला हवं, कारण नवीन माणसाला तो फक्त तांत्रिक कटकटीचा भाग वाटतो. विश्लेषणाच्या आधी सगळ्या प्रतिमा एकमेकांवर नीट बसवतात. त्यात दर प्रतिमेसाठी सहा आकडे निघतात: तीन दिशांना सरकणं आणि तीन अक्षांभोवती वळणं. बऱ्याच जणांना वाटतं, प्रतिमा जुळवली म्हणजे काम झालं. तसं नाही, हालचालीचे काही परिणाम जुळवणीनंतरही डेटात शिल्लक राहतात. २०१२ मध्ये जोनाथन पॉवर आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की मिलिमीटरच्या अंशाएवढ्या हालचालीही मेंदूच्या दोन भागांमधल्या 'जोडणी'चे खोटे आकृतिबंध तयार करू शकतात. आता विचार करा, लहान मुलं प्रौढांपेक्षा जास्त हलतात, आजारी माणसं निरोगी माणसांपेक्षा जास्त हलतात. तुमचा प्रबंध दोन गटांची तुलना करत असेल आणि एक गट जास्त हलला असेल, तर तुम्ही आजार मोजलात की चुळबुळ? दर माणसाचा हालचालीचा आलेख बघायची सवय पहिल्या दिवसापासून लावा. एफएमआरआयप्रेप नावाचं मोफत साधन दर माणसाचा अहवाल तयार करून देतं. तो वाचायचा असतो, नुसता फोल्डरमध्ये ठेवायचा नसतो.

बाकीचं प्रीप्रोसेसिंग, म्हणजे सगळ्यांचे मेंदू एका साच्यात बसवणं, किंचित अस्पष्ट करणं वगैरे, पुस्तकात नीट दिलंय. त्यावर मी वेळ घालवत नाही.

वजाबाकीत काय काय राहतं

एकट्या सिग्नलच्या आकड्याला अर्थ नसतो. अर्थ तुलनेला असतो. आपल्या संचात तुलना आहे अवघड वजा सोपं. मॉडेल असं बनतं: ज्या क्षणांना अवघड बाण दिसले तिथे एक-एक टोचणी ठेवायची, ती मघाशी सांगितलेल्या उशिरा येणाऱ्या उंचवट्याच्या आकारात बदलायची, आणि मिळालेली अपेक्षित रेघ प्रत्यक्ष १४६ आकड्यांशी किती जुळते ते बघायचं. सोप्या बाणांचं तेच. गणित म्हणाल तर रेषीय समाश्रयण, म्हणजे बीएस्सीला शिकलेलं रिग्रेशनच. एका व्हॉक्सेलसाठी हे पायथनमध्ये वीस-पंचवीस ओळींत होतं, आणि एकदा तरी ते स्वतः लिहा. सॉफ्टवेअर हेच हजारो व्हॉक्सेलसाठी करतं. त्यात आणखी जादू नाही.

वजाबाकी केल्यावर कपाळामागे, दोन अर्धगोलांच्या मध्यरेषेजवळ, फरक दिसतो. पुस्तकात लिहिलेलं असतं की हा भाग 'संघर्ष' ओळखतो: दोन उत्तरं एकमेकांशी भांडतात तेव्हा तो कामाला लागतो. विद्यार्थी खूश होतो, ठिपका आला आणि पुस्तकाशी जुळला.

थांबा. अवघड चाचणीत माणसाला उत्तर द्यायला जास्त वेळ लागतो. हे तर फ्लँकर टास्कचं मूळ निरीक्षण, १९७४ पासूनचं. आता न्यूरॉन जास्त वेळ काम करत राहिले तर वाढपी जास्त बादल्या आणणार, म्हणजे उंचवटा मोठा होणार. मग आपण 'संघर्ष' पाहिला की नुसता 'जास्त वेळ'? २०११ मध्ये जॅक ग्रिनबँड आणि सहकाऱ्यांनी अशाच प्रकारच्या स्ट्रूप टास्कवर नेमका हा प्रश्न विचारला. सारख्या वेळात उत्तर दिलेल्या चाचण्यांची तुलना केल्यावर त्यांना त्या भागात संघर्षाचा वेगळा ठसा आढळला नाही. वेळ वाढत गेला तशी सक्रियता मात्र वाढत गेली. यावर दुसऱ्या बाजूने त्याच नियतकालिकात जोरदार उत्तरही आलं. कोण बरोबर हे मी इथे ठरवत नाही. मुद्दा असा की दोन्ही बाजूंकडे ठिपका होताच. भांडण होतं वजाबाकीत नकळत काय शिल्लक राहिलं याचं.

म्हणून माझ्या मते एफएमआरआयचं खरं प्रशिक्षण म्हणजे ही सवय. 'अ वजा ब' लिहिलं की खाली लिहून काढायचं, अ आणि ब यांच्यात आणखी काय काय वेगळं आहे. वेळ? डोळ्यांची हालचाल? शब्दांची लांबी? कंटाळा? आपल्याकडच्या विषयात तर हे फारच लागतं. समजा, तुम्हाला मराठी आणि इंग्रजी वाचताना मेंदूत काय फरक पडतो ते पाहायचंय. देवनागरीत मात्रा-वेलांट्या अक्षराच्या वर, खाली, पुढे लागतात. ऱ्हस्व वेलांटी तर उच्चारात नंतर आणि लिहिताना आधी. मानेसरच्या नॅशनल ब्रेन रिसर्च सेंटरमध्ये नंदिनी चॅटर्जी सिंग यांच्या गटाने हिंदी-इंग्रजी वाचणाऱ्यांवर याच दिशेने काम केलंय, ते जरूर वाचा. पण तुमच्या तुलनेत लिपी वेगळी, भाषा वेगळी, ती शिकल्याचं वय वेगळं, रोज वाचण्याचं प्रमाण वेगळं. ठिपका येईल. त्याचं श्रेय यांतल्या कुणाला देणार?

मेलेला मासा आणि सत्तर गट

एका व्हॉक्सेलवरून सगळ्या मेंदूवर गेलात की नवीन अडचण येते. समजा ४० हजार व्हॉक्सेल आहेत आणि प्रत्येकात आपण तीच चाचणी करतोय. कुठेच काहीही घडलेलं नाही असं धरलं, तरी ०.०५ च्या पातळीला साधारण २,००० व्हॉक्सेल 'लक्षणीय' निघतील. पातळी ०.००१ केली तरी ४० उरतात. तेवढ्यांत पेपरसाठी चांगली गोष्ट रचता येते.

हे कळावं म्हणून क्रेग बेनेट आणि सहकाऱ्यांनी एक मेलेला मासा स्कॅनरमध्ये ठेवला. अटलांटिक सॅल्मन, आपला रावस नव्हे. त्याला माणसांचे फोटो दाखवले आणि त्या माणसांच्या मनात कोणती भावना असेल ते 'विचारलं'. बहुविध चाचण्यांची दुरुस्ती न करता विश्लेषण केलं तर माशाच्या छोट्याशा मेंदूत आणि मणक्यात काही व्हॉक्सेल सक्रिय निघाले. दुरुस्ती केली तर एकही नाही. २००९ मध्ये हे पोस्टर म्हणून मांडलं गेलं, २०१२ मध्ये त्याला इग्नोबेल मिळालं. विनोद म्हणून तो सगळ्यांना माहीत असतो, पण त्यामागचा गुणाकार स्वतः करून पाहिलेले कमी असतात. करून पाहा: संगणकावर निव्वळ यादृच्छिक आकड्यांचे ४० हजार 'व्हॉक्सेल' बनवा, आणि त्यांच्यावर तुमचं मघाचं रिग्रेशन चालवा.

दुरुस्ती वापरली म्हणजे सुटलो असंही नाही. २०१६ मध्ये आंदेर्स एक्लुंड, टॉम निकोल्स आणि हान्स क्नूटसन यांनी ४९९ निरोगी लोकांचा, कोणतंही टास्क नसलेला डेटा घेतला, त्यातून खोटेखोटे गट पाडले आणि एसपीएम, एफएसएल, एएफएनआय या तिन्ही लोकप्रिय साधनांनी विश्लेषण केलं. पाच टक्के चुका अपेक्षित होत्या. व्हॉक्सेलच्या पुंजक्यांवर आधारलेल्या पद्धतीत, सैल सुरुवातीची पातळी ठेवल्यावर, काही ठिकाणी त्या ७० टक्क्यांपर्यंत गेल्या. म्हणून 'सॉफ्टवेअर कोणतं' यापेक्षा 'त्यातला कोणता पर्याय, कोणत्या गृहीतकावर' हे जास्त महत्त्वाचं. सॉफ्टवेअर तुमच्या लॅबमध्ये जे चालतं तेच शिका, शेजारच्याला विचारता येतं हा मोठा फायदा असतो.

२०२० मध्ये 'नेचर'मध्ये आलेला अभ्यास मला याहून बोलका वाटतो. १०८ लोकांचा एकच डेटा ७० संशोधक गटांना दिला, नऊ गृहीतकं दिली, हो की नाही ते सांगा म्हटलं. एकाही दोन गटांची पद्धत तंतोतंत सारखी नव्हती. काही गृहीतकांवर जवळपास एकमत झालं, पण पाचांवर गट बऱ्यापैकी विभागले गेले. गंमत अशी की ठिपके कापण्याआधीचे बहुतेकांचे नकाशे एकमेकांशी बरेच मिळतेजुळते होते. म्हणजे फाटे बरेचसे शेवटच्या निर्णयांमध्ये फुटले. यात कुणी फसवत नव्हतं. दर पायरीला दोन-तीन योग्य वाटणारे पर्याय असतात, एवढंच. म्हणून विश्लेषणाचे निर्णय डेटा बघण्याआधी लिहून ठेवा, तारखेसह. न कापलेला नकाशाही सोबत द्या.

ठिपक्यावरून मनाकडे

आतापर्यंतची वाट टास्ककडून ठिपक्याकडे जाणारी होती. वर्तमानपत्रं आणि व्हॉट्सॲप उलट्या वाटेने जातात: ठिपका इथे आला, म्हणजे माणसाला अमुक वाटलं. २०११ मध्ये 'न्यूयॉर्क टाइम्स'मध्ये एका मार्केटिंगवाल्याने लिहिलं की आयफोनमुळे लोकांच्या इन्सुला भागात सक्रियता दिसली, म्हणजे त्यांचं फोनवर अक्षरशः प्रेम आहे. रसेल पोल्ड्रॅक आणि अनेक मेंदूशास्त्रज्ञांनी पत्र लिहून उत्तर दिलं: इन्सुला तर मेंदूच्या चित्रणाच्या जवळपास एक तृतीयांश अभ्यासांत दिसतो, वेदनेत आणि किळसेतही. ज्याची घंटा सगळ्यांसाठी वाजते, तिच्यावरून दारात कोण आलंय ते कळत नाही.

आयफोनवर हसता येतं. पण २००८ च्या जूनमध्ये पुण्याच्या सत्र न्यायालयाने एका खून खटल्यात जन्मठेप सुनावताना, इतर पुराव्यांबरोबर, आरोपीच्या मेंदूच्या चाचणीचाही आधार घेतला होता. ती चाचणी एफएमआरआय नव्हती, डोक्याला इलेक्ट्रोड लावून विद्युत लहरी मोजणारी होती. तर्काची उडी मात्र तीच: असा सिग्नल आला, म्हणजे ही घटना या व्यक्तीने प्रत्यक्ष अनुभवली आहे. जगभरच्या मेंदूशास्त्रज्ञांनी त्यावर टीका केली. मे २०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सेल्वी विरुद्ध कर्नाटक राज्य या खटल्यात नार्को, पॉलिग्राफ आणि मेंदूच्या अशा चाचण्या सक्तीने करता येणार नाहीत असा निर्णय दिला. तुमच्या प्रबंधाच्या शेवटच्या प्रकरणात 'यावरून असं दिसतं की' लिहिताना हे प्रकरण माहीत असावं.

टेबलावर झोपणारा माणूस

स्कॅनरपाशी जाल तेव्हा पहिलं शिक्षण सुरक्षेचं. ३ टेस्ला म्हणजे पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राच्या सुमारे ६० हजार पट, आणि हा चुंबक रात्रीही चालूच असतो. मुंबईत जानेवारी २०१८ मध्ये एमआरआयच्या खोलीत ऑक्सिजनचा सिलिंडर आत नेल्यामुळे एका तरुणाचा जीव गेला. परदेशी यादीत पेसमेकर, क्लिप, छर्रे सगळं असतं. आपल्याकडे मंगळसूत्र, जोडवी, करगोटा, ताईत, साडीची टाचणी, अंबाड्यातले आकडे हेही विचारावं लागतं. "धातूचं काही आहे का?" याला लोक "नाही" म्हणतात, कारण सोनं त्यांच्या लेखी 'धातू' नसतं. एकेक वस्तूचं नाव घेऊन विचारा.

संमतीपत्र कळेल अशा भाषेत असावं असं आयसीएमआरची २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वं सांगतात. 'चुंबकीय अनुनाद प्रतिमाकरण' असं छापलेला कागद मराठीत असला तरी कळणारा नसतो. साध्या वाक्यांत लिहा: अरुंद नळीत झोपावं लागेल, मोठा आवाज येईल, हातात एक रबरी फुगा असेल, तो दाबला की आम्ही लगेच बाहेर काढू, कारण न सांगता थांबता येईल. आणि एक गोष्ट ठासून सांगा की ही तपासणी नाही. फुकट एमआरआय म्हणजे फुकट निदान, असं बरेच जण धरून चालतात. संशोधनाच्या स्कॅनमधून 'सगळं ठीक आहे' असा अर्थ निघत नाही. उलट, स्कॅनमध्ये अनपेक्षित काही दिसलं तर ते कोणता डॉक्टर बघेल आणि त्या माणसाला कोण, कसं सांगेल, हे पहिला माणूस आत जाण्याआधी एथिक्स कमिटीकडे लिहिलेलं असलं पाहिजे. मुलाखतीला जाल तिथे हे विचारा. उत्तर अडखळत आलं तर तेही उत्तरच आहे.

राहिला विषय निवडीचा. स्कॅनरचा वेळ महाग असतो, आणि रुग्णालयातला असेल तर रुग्णांनंतर उरलेला मिळतो. त्यामुळे भारतात एका प्रबंधाच्या वाट्याला वीस-तीस माणसं येणं नेहमीचं आहे. तेवढ्या माणसांत 'बुद्ध्यांक आणि मेंदूची जोडणी' किंवा 'चिंतेचा स्वभाव आणि अमिग्डाला' असे माणसामाणसांतले फरक शोधू नका. २०२२ मध्ये स्कॉट मारेक आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की अशा संबंधांसाठी हजारो माणसं लागतात. त्याच माणसाच्या दोन अवस्थांची तुलना, जशी आपल्या बाणांची होती, वीस-तीस माणसांतही काही सांगू शकते, विशेषतः प्रत्येकाचा डेटा भरपूर घेतला तर. माणसामाणसांतल्याच फरकांवर काम करायचं असेल तर ह्यूमन कनेक्टोम प्रोजेक्टसारखे हजारभर लोकांचे संच घ्या, त्यांची परवानगी रीतसर मागता येते.

आणि गाइडशी पहिल्या भेटीत आणखी एक प्रश्न विचारा: लॅबमध्ये आधी गोळा केलेला, पण कुणी नीट न पाहिलेला डेटा आहे का? बहुतेक ठिकाणी असतो. कुणाचा प्रकल्प संपला, कुणी नोकरीला गेलं, आणि हार्ड डिस्क कपाटात राहिली. ती मागून घ्या, आणि पहिल्या माणसाचा पहिला रन उघडून एक व्हॉक्सेल निवडा.